इंग्लंडच्या खेड्यात स्वस्त घर घेताय? आधी दवाखाना किती लांब आहे ते पाहा

गेल्या महिन्यात एक निवृत्त शिक्षक दवाखान्यात आले. वय ६८, मधुमेह पंधरा वर्षांचा, तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. तपासणी झाली, रक्तदाब व्यवस्थित होता. निघताना त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला.

"डॉक्टर, हे बघा. मुलगी-जावई घर घेताहेत. इंग्लंडमध्ये, अगदी खेड्यात. चार बेडरूम, मागं मोठी बाग. आता रीडिंगला जेवढं भाडं भरतात, त्याहून कमी हप्ता बसतोय. आम्ही दोघं दर वर्षी सहा महिने जाऊन राहणार. तुम्ही फक्त सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून द्या."

फोटो खरोखर सुंदर होते. दगडी घर, वेल चढलेली भिंत, समोर हिरवे शेत. मी गावाचे नाव विचारले आणि नकाशा उघडला. लिंकनशायरच्या पूर्व किनाऱ्याजवळचे ते छोटे गाव होते.

"सर, इथून जवळचं मोठं हॉस्पिटल कुठं आहे?"

"असेलच की डॉक्टर. इंग्लंड आहे ते!"

हे वाक्य मी वर्षभरात निदान पाच-सहा पालकांकडून ऐकले आहे. सांगलीतल्या कितीतरी घरांतली मुले आज तिकडे आहेत. कोणी आयटीत, कोणी नर्स, कोणी डॉक्टर, कोणी वृद्धांची काळजी घेणाऱ्या केंद्रात. लंडन आणि आसपासची घरे परवडत नाहीत, घरून काम करता येते, मग मुले नकाशावर लांब लांब सरकत जातात. जितके लांब तितके मोठे घर. म्हणून आज औषधांऐवजी या विषयावर लिहितो आहे.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. इंग्लंडच्या ग्रामीण भागात राहायला जाणे ही वाईट कल्पना नाही. पण बजेट कमी असेल तर एकाकी खेड्यातले मोठे घर घेऊ नका; बाजारपेठेच्या छोट्या शहरातले लहान घर घ्या. आणि घर निवडताना किमतीच्या आधी एक प्रश्न विचारा: इथे रात्री दोन वाजता छातीत दुखले तर काय होईल?

स्वस्त घर कशामुळे स्वस्त आहे?

रुग्णाचे वजन कमी झाले की आम्ही डॉक्टर आधी कारण शोधतो. घराची किंमत कमी असेल तर तुम्हीही तेच करा. कॉट्सवोल्ड्ससारख्या पर्यटकांच्या आवडत्या भागात एका घराला जे पैसे पडतात, त्यात ड्युरॅम परगण्यात दोन तरी घरे येतात. हा फरक उगाच पडत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे स्वस्ताईचे तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार, रोजगार गेला म्हणून स्वस्त. ड्युरॅम आणि नॉर्थम्बरलंडमधली जुनी कोळसा खाणींची गावे अशी आहेत. ईझिंग्टनची खाण १९९३ मध्ये बंद झाली, कामे गेली, घरांच्या किमती पडल्या. तुमची नोकरी घरून करण्याची किंवा जवळच्या हॉस्पिटलमधली असेल तर ही स्वस्ताई तुमच्या फायद्याची ठरू शकते. फक्त खाणींच्या भागात जमीन खचण्याचा धोका असतो, त्यासाठी वकिलाकडून खाणींविषयीचा अहवाल मागवून घ्यावा.

दुसरा प्रकार, जागेलाच धोका आहे म्हणून स्वस्त. यॉर्कशायरच्या होल्डरनेस किनाऱ्यावर समुद्र वर्षाला सरासरी दीड-दोन मीटर जमीन गिळतो. लिंकनशायरचा किनारा सखल आहे. १९५३ च्या जानेवारीअखेर उत्तर समुद्राचे पाणी आत शिरले आणि इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ३०० हून अधिक माणसे दगावली; मेबलथॉर्प आणि सटन-ऑन-सी ही गावे त्यात सापडली होती. आज बांध भक्कम आहेत, तरी विमा कंपन्या ही गोष्ट विसरलेल्या नाहीत. नदीकाठीही तेच. सेव्हर्नकाठचे ट्यूक्सबरी २००७ मध्ये आणि कार्लाइल डिसेंबर २०१५ मध्ये बुडाले. आयर्विन पुलाची पातळी पाहत रात्री जागवलेल्या सांगलीकरांना मी पूर म्हणजे काय ते सांगायला नको. २०१९ नंतर कितीतरी महिने माझ्याकडे झोप न येणारी, पाऊस सुरू झाला की छाती धडधडणारी माणसे येत होती. तिकडे एक सोय आहे: सरकारी संकेतस्थळावर पत्ता घातला की त्या घराला नदी, समुद्र आणि पावसाच्या पाण्याचा किती धोका आहे ते फुकट कळते. पाच मिनिटांचे काम आहे, ते कराच.

तिसरा प्रकार, घरच आजारी आहे म्हणून स्वस्त. किंवा ते सगळ्यांपासून लांब आहे म्हणून स्वस्त. या दोन्हींचा संबंध थेट तब्येतीशी आहे, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

"हॉस्पिटल" अशी पाटी असली तरी

इंग्लंडच्या लहान गावांत अनेक ठिकाणी हॉस्पिटलची पाटी दिसते. आपण निश्चिंत होतो. पण ते बहुधा सामुदायिक रुग्णालय असते. तिथे मुरगळलेला पाय, कापलेले बोट, किरकोळ भाजणे यांवर उपचार होतात. बरीचशी अशी केंद्रे रात्री बंद असतात. हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात तिथे नेण्यासारखा नसतो.

या दोन आजारांत वेळ हेच औषध आहे. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी मेंदूचा सीटी स्कॅन हवा. हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यात बंद झालेली रक्तवाहिनी अँजिओप्लास्टीने उघडायची असते, आणि ती दोन तासांच्या आत व्हावी असा प्रयत्न असतो. चोवीस तास ही सोय इंग्लंडमध्येही प्रत्येक हॉस्पिटलात नसते. लिंकनशायरमध्ये ती लिंकन शहरातल्या काउंटी हॉस्पिटलमध्ये आहे. किनाऱ्यावरच्या स्केग्नेसपासून ते सुमारे ४० मैल, म्हणजे ६५ किलोमीटरच्या आसपास. सांगलीहून कोल्हापूरला जाण्यापेक्षा जास्त अंतर, आणि तेही मोटरवे नसलेल्या रस्त्याने.

आता रुग्णवाहिकेचे गणित पाहा. ९९९ वर फोन केल्यावर तक्रारीची वर्गवारी होते. हृदय किंवा श्वास थांबला असेल तर सरासरी ७ मिनिटांत पोहोचण्याचे उद्दिष्ट आहे. छातीतले दुखणे आणि पक्षाघात दुसऱ्या वर्गात येतात; तिथे उद्दिष्ट १८ मिनिटांचे होते आणि गेल्या काही वर्षांत व्यवहारात ते ३० मिनिटांपर्यंत शिथिल केले गेले. शिवाय ही सरासरी आहे. शहरातली रुग्णवाहिका लवकर पोहोचते आणि सरासरी खाली आणते. अरुंद रस्त्याच्या टोकाला असलेल्या घरी ती उशिरा पोहोचते. म्हणून वाट पाहण्याची अर्धा तास धरा, घरीच ईसीजी आणि पहिले उपचार यांची वीसेक मिनिटे, पुढे तासाहून अधिक प्रवास. वेळेचे सगळे अंतर तिथेच संपले.

तिथली रुग्णवाहिका सेवा वाईट आहे असे मला अजिबात म्हणायचे नाही. तिच्यातले पॅरामेडिक उत्तम प्रशिक्षित असतात, ते वाटेतच ईसीजी पुढे पाठवतात आणि थेट योग्य हॉस्पिटल गाठतात. धर्मादाय निधीवर चालणारी हेलिकॉप्टरे आहेत. गावातले प्रशिक्षित स्वयंसेवक रुग्णवाहिकेच्या आधी पोहोचतात. पूर्वीच्या लाल टेलिफोन बूथमध्ये आता हृदयाला शॉक देणारे यंत्र ठेवलेले दिसते, ही मला फार आवडलेली गोष्ट. पण अंतर हे अंतरच असते. इथे सांगलीत आपण शेजाऱ्याच्या गाडीत घालून रुग्णाला पंधरा मिनिटांत पोहोचवतो. ती सवय घेऊन तिकडे जाऊ नका.

आपल्या लोकांनी हे अधिक मनावर घ्यावे, कारण दक्षिण आशियाई लोकांत हृदयविकार आणि मधुमेह लवकर गाठतात. इंग्लंडच्या वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांतही आपल्यासाठी वजनाची मर्यादा वेगळी आहे: इतरांना बीएमआय २५ च्या पुढे सावध करतात, आपल्याला २३ च्या पुढेच. चाळिशीचा जावई "मला काही होत नाही" म्हणतो, पण त्याच्या वडिलांना पन्नासाव्या वर्षी झटका आला होता का, हे विचारा.

जीपी, औषधे आणि दात

तिकडे कोणत्याही आजारासाठी पहिले दार म्हणजे जीपी, आपल्या भाषेत फॅमिली डॉक्टर. प्रत्येक जीपी केंद्राची हद्द ठरलेली असते. घर पक्के करण्यापूर्वी त्या पत्त्याला कोणते केंद्र लागते आणि ते नवीन रुग्ण घेत आहे का, हे फोन करून विचारा. ग्रामीण भागात एक चांगली सोय आहे: औषध दुकान एक मैलाहून, म्हणजे सुमारे १.६ किलोमीटरहून लांब असेल तर काही जीपी केंद्रांतूनच औषधे मिळतात. जवळ औषध दुकान असेल तर त्याचा फायदा निराळाच. २०२४ च्या जानेवारीअखेरपासून घसादुखी, कानदुखी, स्त्रियांमधला साधा मूत्रमार्ग संसर्ग, नागीण अशा सात तक्रारींवर फार्मासिस्ट स्वतः उपचार देऊ शकतात. म्हणजे चालत जाता येईल असे औषध दुकान हा अर्धा दवाखानाच समजा.

औषधांच्या चिठ्ठीला इंग्लंडमध्ये प्रत्येक औषधामागे ९.९० पौंड पडतात. पण गोळ्या किंवा इन्सुलिन घेणारे मधुमेही, थायरॉइडची गोळी कायम घेणारे आणि फिट्सचे रुग्ण यांना सवलतीचे प्रमाणपत्र मिळते आणि सगळीच औषधे मोफत होतात. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर वर्षभरही तसेच. नुसत्या रक्तदाबाला मात्र ही सवलत नाही. अनेक मराठी मुलांना हे माहीतच नसते.

दातांचे मात्र कठीण आहे. सरकारी दरात नवीन रुग्ण घेणारे दंतवैद्य ग्रामीण आणि किनारी भागांत शोधूनही सापडत नाहीत. जाण्यापूर्वी दातांची सगळी कामे इथेच उरकून घ्या.

घरात बाळ येणार असेल तर

या शिक्षकांची मुलगी पाच महिन्यांची गरोदर आहे. तिच्या आईला मधुमेह आहे. आपल्या वंशाच्या स्त्रियांना गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका जास्त, म्हणून तिकडे २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान साखरेची विशेष तपासणी करतात. ती साखर वाढलेली निघाली तर वारंवार तपासण्या आल्या आणि बाळंतपणही प्रसूतितज्ज्ञ असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात करावे लागते. लहान गावांतली प्रसूतिगृहे बहुतेक वेळा फक्त मिडवाइफ चालवतात. निरोगी बाईसाठी ती छानच असतात, पण तिथे सिझेरियन होत नाही. तेव्हा "जवळ प्रसूतिगृह आहे का?" असे न विचारता "सिझेरियन होणारे हॉस्पिटल किती लांब आहे?" असे विचारा.

ओल, थंडी आणि डोळ्यांना न दिसणारा वायू

आजारी घर ओळखणे सोपे आहे. तिकडे प्रत्येक घराला विकताना किंवा भाड्याने देताना ऊर्जा प्रमाणपत्र लागते. त्यात ए ते जी अशी श्रेणी असते; ए उत्तम, जी सर्वांत वाईट. सरकारी संकेतस्थळावर ते कोणालाही पाहता येते. फोटोत देखणी दिसणारी जुनी दगडी घरे बहुधा ई, एफ किंवा जी श्रेणीत असतात. भिंती भरीव, खिडक्यांना एकच काच. घर वारसा यादीत असेल तर खिडकी बदलायलाही परवानगी लागते.

खेड्यात पाईपचा गॅस नसला तर घर तापवायला तेल लागते. ते तेल म्हणजे आपले रॉकेलच. अंगणात टाकी असते आणि एका वेळी साधारण ५०० लिटर तरी घ्यावे लागते. गॅस आणि विजेच्या दरांवर सरकारी नियामकाची कमाल मर्यादा आहे, तशी या तेलाला नाही. मग लोक काय करतात? एकच खोली तापवतात. बाकीच्या खोल्यांत ओल येते, कोपऱ्यात काळी बुरशी धरते. जागतिक आरोग्य संघटना घरात किमान १८ अंश तापमान ठेवायला सांगते. त्याखाली वृद्धांचा रक्तदाब चढतो आणि दमेकऱ्यांची छाती भरते. रॉचडेल शहरात डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हे दोन वर्षांचे बाळ भाड्याच्या घरातल्या बुरशीमुळे गेले. त्याच्या नावाने पुढे घरमालकांना वेळेत दुरुस्ती करायला लावणारा कायदा आला. या शिक्षकांच्या नातवाला थंडीत दमा उसळतो. चार बेडरूमपैकी तीन ओल्या असतील, तर त्या बेडरूमचा उपयोग काय?

आणखी एक गोष्ट आपल्याकडे कोणाला माहीत नसते. कॉर्नवॉल, डेव्हन, डर्बीशायर, नॉर्थॅम्प्टनशायर अशा काही भागांत जमिनीतून रेडॉन नावाचा किरणोत्सारी वायू घरात शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूम्रपानानंतर फुप्फुसाच्या कर्करोगाचे ते तिकडचे दुसरे मोठे कारण मानले जाते. घाबरू नका, पत्त्यावरून धोका तपासता येतो, तीन महिने घरात छोटे मापक ठेवून मोजता येतो, आणि पातळी दर घनमीटर २०० बेकरेलच्या वर गेली तर पंखा बसवून कमी करता येतो. फक्त घर घेण्याआधी विचारा.

गाडी चालवणारा एकच असेल तर

मी स्वतः काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरात धाकट्या भावाकडे हेरफर्डशायरमधल्या एका खेड्यात तीन आठवडे राहिलो. दिवस सुरेख गेले. एका रात्री त्याच्या मुलीला १०३ ताप चढला. भावाने १११ वर फोन केला, अगदी नीट चौकशी झाली, आणि हेरफर्डच्या रात्रीच्या केंद्रात घेऊन या असे सांगितले. बाहेर दाट धुके. रस्ता एका गाडीच्या रुंदीचा, दोन्ही बाजूंना उंच कुंपण. बस दिवसाला दोन, रविवारी एकही नाही. भाऊ घरी होता म्हणून निभावले. तो दौऱ्यावर असता तर वहिनीला गाडी येत नव्हती.

भारतातले लायसन्स तिकडे राहायला गेल्यापासून बाराच महिने चालते. नंतर तिथली परीक्षा द्यावी लागते आणि तिच्या तारखेला बरेच थांबावे लागते. इन्सुलिन सुरू झाले तर परवाना कार्यालयाला कळवणे बंधनकारक आहे. फिट आली तर निदान सहा महिने गाडी बंद. म्हणजे एका आजाराने अख्खे कुटुंब घरात अडकू शकते. खेड्यात जायचे तर नवरा-बायको दोघांनाही गाडी आली पाहिजे, हा माझा नियम समजा.

आई-वडील पाहुणे म्हणून जाणार असतील तर

मुलांनी व्हिसासोबत आरोग्य अधिभार भरलेला असतो, प्रौढाला वर्षाला १,०३५ पौंड. त्यांना सरकारी सेवा मिळते. तुम्ही पाहुण्यांच्या व्हिसावर जाता, तो एका वेळी जास्तीत जास्त सहा महिन्यांचा. तुम्हाला जीपीची तपासणी आणि तातडीच्या विभागातले प्राथमिक उपचार फुकट असतात. पण वॉर्डात दाखल केले की बिल सुरू, आणि ते सरकारी दराच्या दीडपट. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाने जुने आजार स्पष्ट लिहून विमा काढल्याशिवाय विमानात पाऊल ठेवू नये. औषधांची चिठ्ठी ब्रँडच्या नावाने न घेता मूळ औषधाच्या नावाने छापून घ्या. आपले ब्रँड तिकडे कोणी ओळखत नाही.

अंधार आणि एकटेपणा

डिसेंबरात उत्तर इंग्लंडमध्ये उजेड जेमतेम सात तास असतो. ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत तिथल्या उन्हातून पुरेसे ड जीवनसत्त्व तयार होत नाही. म्हणून सगळ्यांना हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट घेण्याचा सरकारी सल्ला आहे, आणि आपल्यासारख्या गडद वर्णाच्या लोकांनी ते वर्षभर घ्यावे असे सांगतात.

एकटेपणाला अशी गोळी नाही. लंडनमध्ये महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, पण लिंकनशायरच्या खेड्यातून दर महिन्याला तिकडे कोण जाणार? जावई लॅपटॉपवर, मुलगी बाळात, आणि सर आणि बाई खिडकीत. बाहेर चारलाच अंधार. माझ्याकडे परत आलेल्या पालकांपैकी बऱ्याच जणांची साखर वाढलेली असते ती जेवणाने नव्हे, बसून राहिल्याने.

"डॉक्टर, तुम्ही घाबरवता"

असे वाटेल. म्हणून दुसरी बाजूही सांगतो. इंग्लंडमधले ग्रामीण लोक सरासरीने शहरी लोकांपेक्षा जास्त जगतात. हवा स्वच्छ आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सुमारे सव्वादोन लाख किलोमीटरच्या पायवाटा आहेत, ज्यांवरून चालण्याचा सर्वांना कायदेशीर हक्क आहे. शेताच्या मधोमध गेली तरी मालक अडवू शकत नाही. भावाकडे मी रोज सात-आठ किलोमीटर चाललो. तब्येतीला याहून चांगले काय?

पण इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी क्रिस व्हिटी यांनी २०२१ च्या अहवालात किनारी गावांतले आजार आणि डॉक्टरांची टंचाई मांडली, आणि २०२३ च्या अहवालात वय वाढलेली माणसे नेमकी सेवा कमी असलेल्या ग्रामीण आणि किनारी भागांत एकवटत आहेत हे दाखवले. म्हणजे हा प्रश्न केवळ सांगलीच्या डॉक्टरचा नाही.

मग जावे कुठे?

इंग्लंडमध्ये आठवडी बाजाराची परंपरा असलेली शेकडो छोटी शहरे आहेत. आपल्याकडच्या तासगाव, विट्यासारखी समजा. तिथे जीपी, औषध दुकान, शाळा, किराणा चालत जाण्याच्या अंतरावर असतात, आणि दहा मिनिटे चालले की शेते सुरू होतात. १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर अनेक गावांची रेल्वे गेली. ज्यांची टिकली किंवा परत आली, ती गावे आधी पाहा.

काही उदाहरणे देतो. लिंकनशायरमध्येच राहायचे तर किनाऱ्याऐवजी स्लीफर्ड पाहा. तिथून लिंकनला रेल्वे आहे. हेरफर्डशायरमध्ये लेमस्टर, जिथून हेरफर्ड गाडीने वीस-पंचवीस मिनिटांवर. डेव्हनमध्ये एक्सेटरजवळचे क्रेडिटन, किंवा २०२१ मध्ये रेल्वे पुन्हा सुरू झालेले ओकहॅम्प्टन. अगदीच कमी पैशांत हवे तर ड्युरॅममधले बिशप ऑकलंड, किंवा नॉर्थम्बरलंडचे ॲशिंग्टन. ॲशिंग्टनला डिसेंबर २०२४ पासून न्यूकॅसलची प्रवासी गाडी पुन्हा धावते, आणि तातडीच्या उपचारांसाठी खास उभारलेले क्रॅमलिंग्टनचे हॉस्पिटल फार लांब नाही. फोटोत ही गावे कॉट्सवोल्ड्ससारखी दिसणार नाहीत. पण संसार फोटोत करायचा नसतो.

घर पक्के करण्यापूर्वी कागदावर ही उत्तरे लिहा:

१. जीपी आणि औषध दुकान चालत पंधरा मिनिटांत आहे का? जीपी नवीन रुग्ण घेतो का?
२. चोवीस तास तातडीचा विभाग असलेले हॉस्पिटल गाडीने अर्ध्या तासात आहे का? अँजिओप्लास्टी, पक्षाघाताचे उपचार आणि सिझेरियन कुठे होते?
३. घरातला चालक आजारी पडला तर बस किंवा रेल्वे आहे का? रविवारी?
४. ऊर्जा प्रमाणपत्राची श्रेणी कोणती? डी किंवा वर असावी. गॅस की तेल?
५. पूर, किनाऱ्याची धूप, रेडॉन तपासले का?
६. दोघांनाही तिथले लायसन्स मिळाले आहे का?

आणि शेवटचा, सर्वांत महत्त्वाचा सल्ला: विकत घेण्यापूर्वी त्या गावात एक हिवाळा भाड्याने राहा. जून महिन्यात इंग्लंडचे प्रत्येक खेडे सुंदर असते. खरे गाव जानेवारीत कळते.

सरांनी हे सगळे मुलीला फोनवर सांगितले. ती आधी रागावली. मग रात्री तिनेच नकाशावर अंतरे मोजली. आता स्लीफर्डमध्ये दोन बेडरूमचे भाड्याचे घर बघणे चालू आहे. परवा गोळ्या न्यायला आले तेव्हा सर थोडे हिरमुसले होते. "बाकी ठीक आहे डॉक्टर, पण बाग गेली." मी त्यांना सांगितले, तिकडे बहुतेक गावांत भाजीपाला लावायला छोटे तुकडे वर्षाच्या भाड्याने मिळतात. मुलीला आत्ताच यादीत नाव घालायला सांगा, कारण रांग असते. मेथी आणि कोथिंबीर तिथल्या उन्हाळ्यात छान येते. रोज चालत जायचे, वाकायचे, शेजारच्या तुकड्यावरच्या माणसाशी दोन शब्द बोलायचे. तुमच्या हृदयाला माझ्या गोळ्यांइतकीच त्याचीही गरज आहे.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. व्हिसा, शुल्क आणि नियम बदलतात. जाण्यापूर्वी ते पुन्हा तपासा. औषधांत कोणताही बदल आपल्या डॉक्टरांना विचारूनच करा.)